ताणातला ठिबक संच: देखभालीला एकरी किती खर्च?

मोसंबीचा आंबिया बहार धरायचा तर डिसेंबरात बागेचं पाणी तोडावं लागतं. हलक्या जमिनीत महिना-पस्तीस दिवस, मध्यम जमिनीत दीड महिना, भारी काळ्या रानात साठ दिवसांपर्यंत. पानं पिवळी पडून पाव हिस्सा गळाली की ताण बसला, असं जालना, अंबड, घनसावंगी, बदनापूर या पट्ट्यातला कुणीही बागायतदार लांबूनच सांगेल. या दिवसांत सगळ्यांची नजर झाडावर असते. जमिनीवर पडलेल्या काळ्या नळ्यांकडे कुणी बघत नाही. मग जानेवारीत आंबवणीचं, म्हणजे ताण मोडणारं पहिलं हलकं पाणी सोडायला जावं, तर निम्मे ड्रिपर मुके, दोन ठिकाणी नळी उंदरानं कुरतडलेली आणि वखराच्या पासेनं सबमेनचा टेक-ऑफ उखडलेला.

बर्फ पडणाऱ्या देशांत मोटारहोम, म्हणजे चाकावरचं घर असलेले लोक हिवाळ्याआधी त्यातल्या सगळ्या नळ्या रिकाम्या करून न गोठणारं गुलाबी द्रव भरून ठेवतात. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं आणि नळी फोडतं, म्हणून. आपल्याकडे पारा आठ-दहा अंशांवर उतरला तरी नळीत बर्फ होत नाही. आपला शत्रू वेगळा. तो पाण्यातूनच येतो आणि पाणी आटलं की मागे राहतो: क्षार. बंद पडलेल्या ड्रिपरच्या तोंडाशी शेवटचा थेंब सुकतो आणि त्यातली चुनखडी तिथेच धरते. ताणाचे दोन महिने म्हणजे हा थर पक्का व्हायला आयतीच संधी.

म्हणून पहिली गोष्ट वेळेची. सफाई ताण संपल्यावर करायची नसते, ताण देण्याआधीच्या शेवटच्या पाण्यातच करायची असते. ताण चालू असताना क्षार काढायला आम्लाचं पाणी सोडलं तर ताण मोडतो आणि ताण संपल्यावर सोडलं तर आंबवणीच्या पाण्याचा हिशेब बिघडतो. ताणाच्या मधल्या दिवसांत फक्त कोरडी कामं करावीत.

ड्रिपर बुजलाय कशानं?

दुकानात जाण्याआधी एक ड्रिपर काढून उघडा. आत पांढरा, खरखरीत थर असेल तर त्यावर आम्लाचा एक थेंब टाका. फसफसून फेस आला की तो कार्बोनेटचा क्षार. बोअरच्या आणि खोल विहिरीच्या पाण्याचा हा नेहमीचा आजार आहे, कारण बेसॉल्टच्या खडकातून येणाऱ्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमची बायकार्बोनेटं भरपूर असतात. आत हिरवट-काळा, बोटाला बुळबुळीत लागणारा थर असेल तर ते शेवाळ आणि जिवाणूंची साय. हे बहुधा शेततळ्याच्या पाण्याचं लक्षण. कडवंचीसारख्या शेततळ्यांच्या गावांत ते ओळखीचं आहे. तांबूस पूड म्हणजे लोह. आणि नुसती बारीक माती निघाली तर दोष पाण्याचा नाही, फिल्टरचा. तिथे आम्लाचे पैसे वाया जातील.

क्षाराला आम्ल, शेवाळाला क्लोरीन. दोन्ही एकत्र कधीही नाही. आम्ल आणि ब्लीचिंग पावडर एका बादलीत आली की क्लोरीन वायू सुटतो आणि तो फुप्फुसं जाळतो. दोन्ही प्रक्रिया करायच्याच असतील तर मध्ये संच स्वच्छ पाण्यानं पूर्ण धुवून काढा आणि डबे, ड्रम, मापं वेगळी ठेवा.

पाण्याचा सामू, क्षारता, बायकार्बोनेट आणि लोह एकदा तपासून घेतलं की अंदाजपंचे काम राहत नाही. त्यासाठी खरपुडीच्या किंवा बदनापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करावी. बदनापूरला कृषी विद्यापीठाचं मोसंबी संशोधन केंद्रही आहे. ताण किती द्यायचा हा प्रश्न तिथेच विचारलेला बरा, खत विकणाऱ्याला नाही.

आम्लाचा हिशेब

हिशेबासाठी एक एकर बाग धरू. लागवड वीस बाय वीस फूट, म्हणजे १०८ झाडं. ओळीला दोन नळ्या धरल्या तर १६ मिलिमीटरची लॅटरल साधारण १,३३० मीटर. झाडाला ताशी आठ लिटरचे चार ड्रिपर, म्हणजे ४३२ ड्रिपर आणि ताशी जवळपास साडेतीन हजार लिटर पाणी. आम्ल शेवटच्या ड्रिपरपर्यंत पोचवायला पंधराएक मिनिटं पुरतात. तेवढ्या वेळात ड्रिपरमधून जाणारं आणि नळ्यांत भरून राहणारं मिळून हजार-बाराशे लिटर पाणी आम्लाचं करावं लागतं.

आता त्यात आम्ल किती? हा आकडा दुकानदाराकडून घेऊ नका, स्वतःच्या विहिरीकडून घ्या. प्लॅस्टिकच्या बादलीत दहा लिटर पाणी मोजून घ्या. सुई काढलेल्या पाच मिलिलिटरच्या सिरिंजनं हायड्रोक्लोरिक आम्ल थोडं थोडं सोडा, काठीनं ढवळा आणि दर वेळी सामूची पट्टी बुडवून बघा. सामू चारवर आला की थांबा. दहा लिटरला आठ मिलिलिटर लागलं असेल तर हजार लिटरला ८०० मिलिलिटर. आपल्याकडच्या जड पाण्याला ३०-३५ टक्क्यांचं आम्ल बहुतेकदा याच्याच आसपास लागतं. म्हणजे वरच्या एकराला एक लिटर, फार तर सव्वा. इनलाइन नळी असेल, ड्रिपर जवळजवळ असतील, तर पाणी जास्त जातं. तिथे दोन-अडीच लिटर धरा.

बाजारात पाच लिटरचा कॅन साधारण दीडशे ते तीनशे रुपयांना मिळतो. एकराला साठ-सत्तर रुपयांचं आम्ल! देखभालीला पैसे लागतात म्हणून संच तसाच ठेवला, असं सांगणाऱ्यांनी हा आकडा एकदा वहीत मांडून बघावा. सामूच्या पट्ट्या शे-दीडशेला, रबरी हातमोजे आणि चष्मा दोन-तीनशेला. ही खरेदी एकदाच. चष्म्याचे पैसे वाचवू नका. डोळ्यात गेलेलं आम्ल वाचवलेल्या रकमेशी हिशेब जुळवत नाही.

आम्ल घ्यायला जाताना आधार कार्ड सोबत ठेवा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३च्या आदेशानंतर किरकोळ विक्रेत्यानं ओळखपत्र पाहून, आम्ल कशाला हवं ते विचारून नोंदवहीत लिहिणं आवश्यक झालं आणि अठरा वर्षांखालच्यांना विक्री बंद झाली. पोराला मोटरसायकलवर पिटाळून कॅन मागवण्याचे दिवस गेले. न विचारता देणारा दुकानदार सोयीचा वाटेल, पण त्याच्याकडच्या कॅनवर टक्केवारीही लिहिलेली नसते, आणि पातळ केलेलं आम्ल बादलीच्या चाचणीत लगेच उघडं पडतं: सामू उतरतच नाही.

‘ड्रिप क्लीनर’ म्हणून रंगीत बाटल्या मिळतात, लिटरला चारशेपासून पुढे. लेबलावर घटक बघा. फॉस्फोरिक किंवा तत्सम आम्ल असेल तर ते चालतं आणि त्यातलं स्फुरद झाडालाही मिळतं. पण चुना विरघळवण्याचं काम हायड्रोक्लोरिक आम्लही करतं आणि फार स्वस्तात करतं. घटकच लिहिलेले नसतील तर बाटली परत ठेवा. गंधकाम्ल मात्र टाळावं. ते हाताळायला जास्त घातक, शिवाय जड पाण्यातल्या कॅल्शियमशी मिळून जिप्समचा नवाच थर बसवू शकतं.

शेवटचं पाणी आणि दुसरा दिवस

काम दिवसाच्या विजेच्या पाळीत करायचं. रात्रपाळीच्या आठवड्यात बॅटरीच्या उजेडात आम्ल हाताळू नये. सौरपंप असेल तर दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान. सकाळी आणि ढग आल्यावर दाब खालीवर होतो आणि आम्ल ओढून पाण्यात मिसळणारी व्हेंच्युरी नीट ओढत नाही.

आधी संच नुसत्या पाण्यानं धुवा. सबमेनचा फ्लश व्हॉल्व्ह उघडा, गढूळ पाणी जाऊ द्या. मग लॅटरलच्या एंडकॅप चार-पाच चार-पाच करून काढा. सगळ्या एकदम उघडल्या तर दाब पडतो आणि घाण नळीतच बसते. एंडकॅप निघाली की पहिल्यांदा काळपट पाणी येतं, मग त्यात पांढऱ्या टिकल्या दिसतात, मग ते हळूहळू निवळतं. हातावर घेऊन बघितलं तर त्या टिकल्या बोटांत चुरतात. हेच ते ड्रिपरच्या वाटेवर निघालेलं दगडी पीठ.

व्हेंच्युरी किती ओढते ते आधी साध्या पाण्याच्या बादलीवर बघून ठेवा. पंधरा मिनिटांत बारा लिटर ओढत असेल तर बारा लिटर पाणी प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये घ्या आणि त्या पाण्यात मोजलेलं आम्ल ओता. आम्लात पाणी नाही; उलटं केलं तर उकळी फुटून तोंडावर उडतं. एका वेळी एकच व्हॉल्व्ह. शेवटच्या ओळीच्या शेवटच्या ड्रिपरखाली पट्टी धरा. सामू चारच्या आसपास आला की पंप बंद. आता २४ तास संच तसाच राहू द्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा सबमेन आणि लॅटरल धुवून काढा, नळ्या निथळू द्या आणि ताण सुरू करा.

एवढ्या आम्लानं जमीन बिघडते का, ही शंका नेहमी निघते. मराठवाड्यातल्या रानात मुळात चुनखडी इतकी असते की हजार लिटर पाण्यातलं लिटरभर आम्ल तिथल्या तिथे संपतं.

शेवाळाचा त्रास असेल तर हेच काम ब्लीचिंग पावडरनं: हजार लिटर पाण्याला शंभर ग्रॅम. पावडर बादलीत कालवून गाळ खाली बसू द्या आणि वरची निवळीच वापरा, नाहीतर साफ करायला टाकलेल्या चुन्यानंच ड्रिपर बुजतील. किलोला पन्नासेक रुपये. यातही २४ तास थांबून धुणं आलंच.

ताणातली कोरडी कामं

ताणात बागेत वखरपाळी होते, कुठे हलकी नांगरट होते. नळ्या त्याआधी बुंध्याच्या ओळीला ओढून घ्या. पाळीत कापली गेलेली लॅटरल जॉइनरनं जोडता येते, जॉइनर दोन-चार रुपयांचा. पण एका ओळीत सहा जोड झाले की त्या ओळीच्या शेवटाला दाब उरत नाही. कपाशी, मिरची, आलं अशा पिकांत नळ्या काढून गुंडाळाव्याच लागतात. वेटोळं मोठं ठेवा, मीटरभर रुंदीचं. आवळून गुंडाळलेली नळी जिथे मुडपते तिथेच पुढच्या वर्षी फुटते. गुंडाळी सावलीत, जमिनीपासून वर. उन्हात काळी नळी टिकते हे खरं, पण धुऱ्यावर पाचट पेटवलं की ती टिकत नाही, आणि नळ्या जळण्याचं सर्वांत नेहमीचं कारण स्वतःच लावलेली आग हेच असतं.

उंदीर आणि खारी नळी कुरतडतात त्या बहुधा तहानेनं. धुऱ्यावर दोन-चार मातीच्या परळांत पाणी ठेवण्याचा उपाय बरेच बागायतदार करतात. खर्च जवळपास नाही. रानडुकरं मात्र परळाला भुलत नाहीत.

खरा पैसा फिल्टरमध्ये अडकलेला असतो, आणि तो ताणातच उघडून बघता येतो. सँड फिल्टरचं झाकण काढा. वर चिखलाचा थर आणि खाली वाळूच्या गुठळ्या झाल्या असतील तर वाळू बाहेर काढून धुवा. कडा झिजून गोल झाल्या असतील, तर बदला. वाळू गाळणीचीच हवी, ठरावीक आकाराची, धारदार कण्यांची. पोत्याला साधारण पाचशे ते आठशे रुपये पडतात आणि मध्यम फिल्टरला दोन-तीन पोती लागतात. दर वर्षी नाही, दोन-तीन वर्षांतून एकदा. नदीची वाळू फुकट मिळाली म्हणून भरणारे आहेत. तिच्यातली माती आणि बारीक कणी थेट जाळीवर जाते. जाळीच्या फिल्टरमध्ये जाळी उजेडाकडे धरून बघा. फाटलेली जाळी घाण अडवत नाही आणि दाबातही फरक दाखवत नाही, त्यामुळे सगळं आलबेल वाटतं. नवी जाळी तीनशे ते सातशे, रबरी पॅकिंग पन्नास-शंभर.

दाबाची दोन घड्याळं, फिल्टरच्या अलीकडे आणि पलीकडे, अडीचशे ते चारशेला एक. बहुतेक शेतांवर काटा शून्यावर अडकलेलं घड्याळ असतं किंवा त्या जागी बूच. दोन्ही घड्याळांत अर्ध्या किलोहून जास्त फरक दिसला की बॅकवॉश करायचा, एवढी साधी गोष्ट घड्याळाशिवाय कळत नाही. एका वेळी एकच सुधारणा परवडत असेल तर मी आधी घड्याळं घ्यायला सांगेन, वाळू नंतर.

मग एकूण किती?

इथले दर अंदाजाचे आहेत. गाव, दुकान आणि हंगाम यांनुसार खालीवर होतील. स्वतः केलं तर वरच्या एका एकराला आम्ल, पट्ट्या, मोजे, चष्मा मिळून पहिल्या वर्षी पाच-सहाशे. जॉइनर, ग्रोमेट, टेक-ऑफ, एंडकॅप, बदलायचे दहा-वीस ड्रिपर मिळून तीनशे ते सहाशे. दोन माणसांची एक दिवसाची मजुरी सातशे ते हजार. म्हणजे पंधराशे ते बावीसशे. पुढच्या वर्षापासून बाराशे-चौदाशे. घरचीच माणसं असतील तर त्याच्या निम्मं. तीन-चार एकर एकत्र केले तर एकरी आणखी उतरतं, कारण फिल्टर, व्हेंच्युरी, चष्मा एकच.

फिटर बोलावला तर एकरी पाचशे ते हजार वेगळे, शिवाय गाडीभाडं. पहिल्या वर्षी बोलवायला हरकत नाही, बघून शिकता येतं. बोलावताना तीन गोष्टी आधी ठरवा: आम्ल कोणाचं, दुसऱ्या दिवशी धुवायला तो येणार की तुम्ही, आणि बदललेले सुटे भाग मोजून कोण घेणार. आम्ल सोडून निघून जाणारा फिटर निम्मंच काम करतो. विरघळलेली घाण नळीत राहिली तर पुन्हा बसते.

काहीच केलं नाही तर? १,३३० मीटर नवी लॅटरल, मीटरला आठ ते बारा रुपयांनी, साडेदहा ते सोळा हजार. ४३२ ड्रिपर, तीन ते पाच रुपयांनी, तेराशे ते बावीसशे. मजुरी वेगळी. एकरी बारा ते अठरा हजारांचा हा खड्डा, आणि ‘पुन्हा अनुदान घेऊ’ हा विचारही लगेच कामाला येत नाही. ‘प्रति थेंब अधिक पीक’ योजनेतून महाडीबीटीवर अर्ज करून अल्प-अत्यल्प भूधारकाला ५५ टक्के, इतरांना ४५ टक्के मिळतात, राज्याची पूरक रक्कम धरून ते ८० आणि ७५ टक्क्यांपर्यंत जातात, पण त्याच क्षेत्रावर पुन्हा लाभ घ्यायला सात वर्षं थांबावं लागतं. अनुदान नव्या संचाला आहे. जुना धुवून ठेवायचा खर्च आपलाच.

नवी नळी घ्यावीच लागली तर तिच्यावर छापलेला मजकूर वाचा. साध्या लॅटरलवर आयएस १२७८६, इनलाइन नळीवर आयएस १३४८८, ड्रिपरला आयएस १३४८७ आणि सोबत आयएसआयची खूण असते. वजनावर विकलं जाणारं बिनछापाचं बंडल मीटरमागे दोन-तीन रुपयांनी स्वस्त पडतं, आणि पुनर्वापराच्या प्लॅस्टिकचं असेल तर दुसऱ्याच उन्हाळ्यात तडकतं. पक्कं बिल घ्या, त्यावर कंपनी, व्यास, मीटर आणि बॅच लिहून घ्या. हमीपत्र संचाच्या फाइलीत ठेवा. अनुदानाच्या कागदांतच ते सहसा सापडतं.

नळी हमीच्या काळात तडकली आणि विक्रेता टोलवाटोलवी करू लागला तर शेतकरी हा ग्राहकच आहे. बियाण्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. बियाण्याची राजधानी म्हणवणाऱ्या जालन्यात हा निकाल अजून जास्त ठाऊक असायला हवा होता. आधी लेखी तक्रार, तडकलेल्या तुकड्याचा छापासह फोटो, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आणि शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही, पण कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. तडकलेला तुकडा फेकू नका.

आंबवणीच्या दिवशी

ताण संपला, आंबवणीचं हलकं पाणी सुटलं की त्याच दिवशी तपासणी करून टाका. चार नळ्या निवडा, पंपाजवळची, शेवटची आणि मधल्या दोन. प्रत्येकीवर चार ठिकाणी ड्रिपरखाली वाटी धरा, बरोबर एक मिनिट. आठ लिटरच्या ड्रिपरमधून १३३ मिलिलिटर यायला हवं, चार लिटरच्यातून ६६-६७. सोळाही मापं लिहा. त्यातल्या सगळ्यांत कमी चार मापांची सरासरी एकूण सरासरीच्या ८५ टक्क्यांवर असेल तर बाग एकसारखी भिजतेय. खाली असेल तर कुठे कमी पडलं ते वहीतच दिसतं. एका नळीवरचे चारही कमी असतील तर ती नळी कुठेतरी मुडपली किंवा फुटली आहे. सगळ्या नळ्यांच्या शेवटाला कमी असेल तर दाब अपुरा आहे, फिल्टर बघा. विखुरलेले दोन-तीनच कमी असतील तर तेवढे ड्रिपर बदला, बंडल आणायला धावू नका.

पाणी मुबलक असतं तर वाटीची ही उठाठेव कुणी केली नसती. २०१२-१३ च्या दुष्काळात याच जालना जिल्ह्यात लोकांनी टँकरच्या पाण्यावर मोसंबी जगवली आणि जिथे जमलं नाही तिथे झाडं तोडली. २०१६ मध्ये जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालं ते त्यातून वाचलेल्या बागांच्या बळावर. आंबवणीनंतर आठ-दहा दिवसांनी चिंबवणीचं, म्हणजे दुसरं पाणी येतं. मापात कमी निघालेले ड्रिपर तोवर बदलून झालेले असावेत, कारण त्यानंतर फुलं निघतात आणि मग बागेत नळ्या ओढत फिरायची सोय राहत नाही.